गंगथडीची एका दिवसाची वाट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबरातल्या पहाटे सायखेड्याच्या पुलावर उभं राहिलं की समोरच्या काठावरची चांदोरी दिसत नाही. नदीवर धुकं असतं आणि त्या धुक्यातून फक्त आवाज येतात. कुणीतरी मोटार सुरू करतो, कुठल्या तरी मळ्यातलं कुत्रं भुंकतं, आणि पाण्याच्या अंगाला बदकांचा कलकलाट चालू असतो. निफाड तालुक्यातली थंडी साऱ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. पारा उतरला की निफाडचा आकडा ठळक छापला जातो. आमच्याकडे त्या आकड्याचं कौतुक नसतं. द्राक्षाचे मणी तडकतील का, हीच चिंता असते.

अशा एका पहाटे मी आणि माझा एक बालमित्र या पुलावरून निघालो आणि नदीच्या काठाकाठाने नांदूर मधमेश्वरपर्यंत चालत गेलो. रमतगमत गेलं तर एका दिवसाची चाल आहे. मित्र भोई समाजातला, नदीवर वाढलेला. मी नदीवर कविता लिहीत वाढलेला. दोघांची नदी एकच असली तरी ओळख वेगळी, हे त्या दिवशी पावलोपावली कळत गेलं.

नदीचं खोरं पायी हिंडायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतल्या घळी येतात, कातळ येतात, दोर लावून उतरणारी तरुण मंडळी येतात. आमची गंगथडी तशी नाही. सपाट काळी जमीन, ऊस, द्राक्ष, कांदा. इथे रान कुठलं, असं पाहुणा विचारतो. पण ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहत जाणाऱ्या गोदावरीच्या या सुरुवातीच्या टप्प्यात जितक्या गोष्टी आणि जितकी रानं एकावर एक साचली आहेत, तितकी क्वचितच दुसरीकडे असतील. ती नजरेला भरत नाहीत. पायाखाली असतात.

आधी नावाचं सांगतो. आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही. नदी म्हणजे गंगा. गौतम ऋषींच्या हातून गाय दगावली, त्या पातकाच्या क्षालनासाठी त्यांनी तप करून शंकराच्या जटेतली गंगा त्र्यंबकच्या डोंगरावर आणली आणि कुशावर्तात कुश नावाच्या गवताने तिला अडवून धरली, ही कथा लहान पोरालाही ठाऊक असते. आमच्या मुसलमानाच्या घरातही नदीला गंगाच म्हणत. माझी फुफी सकाळी धुण्याचं बोचकं घेऊन निघाली की ओट्यावरच्या शेजारणीला सांगे, “गंगेवर जाऊन येते गं.” यात काही वेगळं आहे असं तिला कधी वाटलं नाही आणि शेजारणीलाही वाटलं नाही. मुघलांच्या अमलात नाशिकचं नाव गुलशनाबाद झालं, पुढे पेशवाईत पुन्हा नाशिक झालं. नदीचं नाव मात्र कुणी बदलायला गेलं नाही.

पुलावरून निघताना पहिली गाठ पडते ती चांदोरीशी. चांदोरी म्हणजे हिंगण्यांचं गाव. नाशिकचे महादेवभट हिंगणे १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि मराठ्यांचे वकील म्हणून तिथेच राहिले. १७४४ मध्ये ते वारले, पण वकिली घरातच राहिली. त्यांचे मुलगे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव यांनी अठराव्या शतकातली दिल्ली आतून पाहिली. बादशहाचे रुसवे, वजिरांची भांडणं, अब्दालीच्या येण्याच्या वार्ता, सारं या कुटुंबाच्या कागदांत आहे. पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘हिंगणे दप्तर’ छापलं तेव्हा अभ्यासकांना ते खुलं झालं. दिल्लीच्या दरबारातली मराठी बातमी ज्या घराण्याने लिहिली त्याचं मूळ गंगथडीतलं, ही गोष्ट आमच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितली नव्हती. ती मला वाचनालयात एका जुन्या पुस्तकात सापडली, तेव्हा मी तिशीत होतो. पाणी फार उतरलं की चांदोरीच्या पात्रातली जुनी दगडी देवळं उघडी पडतात. मग लोक पाहायला येतात, फोटो काढतात, आणि आवर्तन सुटलं की देवळं पुन्हा पाण्याखाली जातात.

पुलाखालून पाहिलं तर पाणी दिसत नव्हतं. हिरवी सतरंजी अंथरावी तशा पाणवेली पसरल्या होत्या. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. वरच्या अंगाला नाशिक शहराचं सांडपाणी मिसळतं, त्यावर ती पोसते आणि पावसाळ्यात पुराबरोबर वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकते. मित्र म्हणाला, “पूर्वी जाळं टाकायचो तर मासा यायचा, आता जाळंच वर येत नाही.” हे बोलून तो हसला आणि पुढे चालू लागला.

सायखेड्याच्या वरच्या अंगाला दारणा गंगेला मिळते. ती इगतपुरीकडून येते, देवळालीजवळून वाहते. तिच्यात बोटभर लांबीचा एक मासा सापडला आणि १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा या दोघा अभ्यासकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. देवळालीच्या नावाने तो जगात ओळखला जातो आणि आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांत त्याची गणना होते. मित्राला मी त्याचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, असले बारके मासे आम्ही पोरपणी पाण्यात परत सोडून द्यायचो.

चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी ही गावं नदीच्या या नाहीतर त्या काठाला लागतात. वाट म्हणजे बांध, मध्येच पाणंद, मध्येच कुणाच्या तरी उसातली सरी. या टप्प्यात रामायणाची गोष्ट तुमच्याबरोबर चालते. पंचवटीत सीतेला सोन्याचं हरीण दिसलं, राम त्याच्या मागे निघाला. कुठवर गेला? तर याच नदीच्या काठाने खाली. नांदूर मधमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामाने मारीचावर बाण सोडला तो इथून, असं तिथे सांगतात. आणखी कितीतरी खाली, प्रवरा जिथे गोदावरीला मिळते त्या कायगाव टोक्याला गेलात तर तिथली माणसं गावाच्या नावातच त्या हरणाची काया शोधतात. मधे कोपरगावला शुक्राचार्यांचं देऊळ. कच आणि देवयानीची गोष्ट तिथली. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी. एकाच नदीच्या काठावर एवढी माणसं, देव, दैत्यगुरू आणि योगी कसे नांदले, हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकाला विचारला तर तो पुरावा मागेल. ते त्याचं कामच आहे. मला मात्र या कथांमध्ये एक साधी माहिती दिसते. ज्यांनी त्या रचल्या आणि सांगितल्या त्यांना हा काठ दाट अरण्याचा म्हणून ठाऊक होता. हरणामागे धावणारा माणूस दिसेनासा व्हावा, त्याची हाक ऐकू यावी पण तो दिसू नये, असं रान इथे होतं. त्यावाचून ती गोष्ट उभीच राहत नाही.

याला दुसरीकडूनही साक्ष मिळते. सातवाहनांच्या काळाशी जोडली जाणारी, हाल राजाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. तिच्यात गोदावरी वारंवार येते आणि तिचं नाव तिथे ‘गोला’ असं घरगुती आहे. त्यातली एक गाथा पुढे संस्कृत साहित्यशास्त्राच्या पंडितांनी फार चघळली. प्रसंग असा. एका बाईची आपल्या प्रियकराला भेटण्याची जागा गोदेकाठच्या झाडीत आहे. एक धार्मिक गृहस्थ तिथे येऊन फिरतो, एकांत मोडतो. तिथल्या कुत्र्याला तो आधीच भ्यालेला. बाई त्याला मोठ्या आदराने सांगते की महाराज, आता खुशाल फिरा, त्या कुत्र्याला गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारलं! पंडितांनी यातून ध्वनीचा सिद्धांत समजावला. म्हणणं ‘या’ असं, अर्थ ‘येऊ नका’ असा. मला त्या बाईच्या हुशारीइतकीच ती जाळी महत्त्वाची वाटते. गोदेकाठी सिंह आहे म्हटल्यावर ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला पाहिजे, तरच थाप चालते.

हे मी मित्राला एका उसाच्या कडेने जाताना सांगत होतो. तेवढ्यात समोरून सायकलवर आलेला एक गडी थांबला आणि म्हणाला, “भाऊ, या सरीनं नका जाऊ. परवा बिबट्या दिसलाय.” आम्ही दोघंही एकदम हसलो. त्याला वाटलं आम्ही त्याला खोटं पाडतोय. पण त्याचं खोटं नव्हतं. निफाड तालुक्यात गोदाकाठच्या उसात बिबटे राहतात, तिथेच पिल्लं देतात, कुत्री आणि शेळ्या नेतात. माणसांवरही हल्ले झालेले आहेत. ज्या घरातलं मूल बिबट्याने ओढून नेलं त्या घरापुढे निसर्गप्रेमाचं एक वाक्यसुद्धा बोलता येत नाही. रात्री विजेचा फेरा असतो म्हणून शेतकऱ्याला रात्री पाणी भरायला जावं लागतं, हातात बॅटरी घेऊन. दोन हजार वर्षांनी जाळीच्या जागी ऊस आला आणि सिंहाच्या जागी बिबट्या. आम्ही सरी सोडून बांधाने गेलो.

आता नांदूर मधमेश्वरच्या मातीतली त्याहूनही जुनी गोष्ट. गोदावरीने युगानुयुगं आणून टाकलेला गाळ इथे काठाला उभा कापलेला दिसतो. वर काळी माती, खाली पिवळसर, तिच्याखाली वाळू-गोट्यांचा कठीण थर. या गाळात एका प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यावर लिहिलं. नर्मदेच्या खोऱ्यात मिळालेल्या हत्तीची ही जात, म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्या नावात नर्मदा गुंफली. आजच्या हत्तीपेक्षा हा कितीतरी मोठा, खांद्यापाशी चार मीटरहून उंच. पृथ्वीवर वावरलेल्या सगळ्यांत मोठ्या जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत त्याचं नाव घेतात. गंगापूरजवळच्या गंगावाडीला डॉ. ह. धी. सांकलियांना अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं मिळाली, त्यावर त्यांनी १९५२ मध्ये पुस्तक लिहिलं. म्हणजे हत्ती होता, माणूस होता, नदी होती. पुराणाच्या आधीचं एक पुराण या काठात दडलेलं आहे आणि त्याला देऊळ नाही. मित्राने मातीच्या कड्याला हात लावून पाहिला. “एवढा हत्ती मेला कसा इथं?” त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “पुरात सापडला आसंल.” नदीकाठच्या माणसाला मरणाचं दुसरं कारण चटकन सुचत नाही.

दुपारी बंधाऱ्याच्या अलीकडे पोचलो. खरं तर आपण जे ‘रान’ पाहायला इथे येतो ते या बंधाऱ्याचं अपत्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. माणसं आणि गुरं किड्यामुंग्यांसारखी मेली. सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला आणि दुष्काळी टापूला पाणी पोचवण्याच्या योजना निघाल्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी १९०७ च्या सुमारास दगडी बंधाऱ्याचं काम सुरू झालं. त्याच्या दोन अंगांनी डावा आणि उजवा असे कालवे निघाले, ते खाली कोपरगाव-राहात्याकडे गेले. वर दारणा नदीवर धरण बांधलं, ते १९१६ मध्ये पुरं झालं. त्या पाण्यावर अहिल्यानगर जिल्ह्यात ऊस उभा राहिला आणि मागाहून साखर कारखाने आले. गंगापूरचं मातीचं धरण १९६५ मधलं. आज जायकवाडीला नाशिकमधून किती पाणी गेलं हे सांगताना बातमीत नांदूर मधमेश्वरचं नाव असतंच. दोन जिल्ह्यांचं आणि मराठवाड्याचं भांडण ज्या भिंतीवरून मोजलं जातं, ती ही बुटकी भिंत.

पण बांधणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट झाली. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. गाळाची बेटं झाली, बेटांवर लव्हाळं, पाणकणीस आणि बाभळी उगवल्या, उथळ पाणी पसरलं. त्या पाण्यावर हिवाळ्यात हिमालयापलीकडून पक्षी येऊ लागले. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, पट्टकदंब. इथले रहिवासी शराटी, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, उघड्या चोचीचे करकोचे तर बारमाही. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणू लागले. २०२० च्या जानेवारीत बातमी आली की जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत याचा समावेश झाला, महाराष्ट्रातून पहिलाच. त्या नोंदीत १,४३७ हेक्टर क्षेत्र आणि ५३६ प्रकारचे जीव दाखवले आहेत. मघाचा तो देवळालीचा मासा आणि उसातला बिबट्याही त्यात आहेत.

मनोऱ्यावर चढून मी बराच वेळ चक्रवाकांची जोडी पाहत बसलो. रात्री ती एकमेकांपासून दुरावते अशी कविकल्पना आहे. शेकडो वर्षं कवींनी ती वापरली. मीही वापरली आहे, एकदा नव्हे, तीनदा. मित्र खाली सावलीत बसून तंबाखू मळत होता. त्याला वर ये म्हटलं तर म्हणाला, “मी रोज बघतो की.”

या यादीच्या नोंदीत असंही म्हटलेलं आहे की ही पाणथळ जागा पुराचं पाणी झेलते. ते वाचून मी थबकलो होतो. कारण सायखेडा-चांदोरीच्या माणसांचं म्हणणं नेमकं उलटं आहे. बंधाऱ्यामागे गाळ भरला, पात्र उथळ झालं, म्हणून फुगवट्याचं पाणी गावात शिरतं, असं ते सांगतात. गाळ काढा, जादा दरवाजे बसवा, अशी काठच्या गावांची मागणी आहे. गाळ काढला तर बेटं जातील आणि बेटांवर जगणारं सगळं जाईल, असं पक्षिमित्र म्हणतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. खालच्या मुलखाला पाणी थांबून राहण्याचा फायदा झाला, वरच्या गावांना तेच थांबलेलं पाणी घरात घ्यावं लागलं. शंभर वर्षांपूर्वी नकाशावर रेघ ओढणाऱ्या इंजिनिअरने दुष्काळ पाहिला होता. पूर त्याच्या हिशेबात कितपत होता? माझा कल विचाराल तर सांगतो. काठच्या गावांचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे आणि गाळ कुठला काढायचा, कुठला ठेवायचा, हे पक्षी ओळखणारा आणि पुरात घर गेलेला अशा दोघांनी नदीत उभं राहून ठरवलं पाहिजे. पण मी काही त्यातला जाणकार नाही.

हे मत माझं आधीपासून नव्हतं. अभयारण्यावर मी पुष्कळ लिहिलं, सभांतून कौतुक केलं. ४ ऑगस्ट २०१९ ला गंगेला मोठा पूर आला. नांदूर मधमेश्वरमधून लाखाच्या वर क्युसेक पाणी खाली जात होतं, सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरलं होतं, लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. पाणी ओसरल्यावर मी फुफीच्या घरी गेलो. ती दारात बसून धान्य वाळत घालत होती. त्याला आंबूस वास सुटला होता. गोधड्या, कागद, भांडी सगळ्यांवर गाळाचा लेप. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “तुझे ते पाखरं पुरात कुठं जात्यात रे?” ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर आलं नाही. उडून जात असतील, एवढंच म्हणालो. “बरंय त्यांचं,” ती म्हणाली आणि धान्य हलवू लागली.

त्या घराच्या आतल्या भिंतीवर पुराच्या खुणा होत्या. पहिली १९६९ ची. माझ्या आजोबांनी कोळशाने ओढलेली आणि नंतर कुणीतरी गेरूने गिरवलेली. मग २००८ ची, सप्टेंबरातली. मग २०१६ ची, ऑगस्टातली. २०१९ ची फुफीने स्वतः ओढली, खिळ्याने. गॅझेटिअरमध्ये गावाची लोकसंख्या मिळते, बाजाराचा वार मिळतो, देवळांची नावं मिळतात. पाणी कुणाच्या घरात कुठवर आलं होतं हे त्यात नसतं. ते अशा भिंतींवर असतं, आणि भिंती काही कुणी दप्तरात जमा करत नाही.

फुफी आता नाही. आम्ही नांदूरहून संध्याकाळच्या एसटीने सायखेड्याला परतलो तेव्हा मित्राला म्हटलं, चल, घर बघून येऊ. घराला नुकताच रंग दिलेला होता, फिकट निळा, तिच्या नातवाच्या लग्नासाठी. चारही रेघा रंगाखाली गेल्या होत्या. पोराचा काही दोष नाही, लग्नघरात पुराच्या खुणा कोण ठेवील? पण मी त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली. २०१९ ची रेघ सापडली, खिळ्याचा चरा रंगातूनही बोटाला लागत होता. २००८ आणि २०१६ च्या अंदाजाने काढल्या. १९६९ ची मात्र जमेना. मला आठवत होतं की दहा वर्षांचा असताना ती माझ्या डोक्याच्या वर होती. मित्र म्हणाला, छे, कानाला लागायची, मी टेकून उभा राहायचो ना तिथं. आम्ही दोघंही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, वाकून दहा वर्षांची उंची आठवू लागलो. नवरा मुलगा दारातून बघत होता. त्या रेघेच्या जागेवर आमचं अजून एकमत झालेलं नाही.